माझ्या पानावर एकच मैत्रीण

महाड-पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांवर मला माझ्या नावानं कुणी ओळखत नसे. मी पायवाटेनं वर येताना दिसले की बायका एकमेकींना सांगायच्या, "आली गो, न-वाचता-सही-करू-नका आली." मला त्याचा राग यायचा नाही, उलट अभिमान वाटायचा. माणसाचं नाव विसरलं तरी चालेल, सांगणं लक्षात राहिलं पाहिजे, असं मी तेव्हा म्हणत असे. तेविसाव्या वर्षी अशी वाक्यं फार सुचतात.

सांगणं साधं होतं. महाडात जमीन खरेदी-विक्रीचं एक ऑफिस निघालं होतं. त्याचे एजंट मोटरसायकलवरून वाड्यांवर जायचे, ओटीवर बसून म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांची चौकशी करायचे आणि उठताना एका टाइप केलेल्या कागदावर सही नाहीतर अंगठा घ्यायचे. कागदाचं नाव संमतीपत्र. त्यावर लिहिलेलं असायचं, 'मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता, पूर्ण वाचून व समजून'. आणि जी जमीन द्यायची तिच्या गट नंबरची जागा कोरी! वाचलं कुणी? समजलं कुणाला? राजीखुशी आधीच छापून आणलेली, माणसानं फक्त खाली अंगठा टेकायचा. ही संमती नव्हे, ही लूट आहे, असं आम्ही पाच जणांनी गुलाबी कागदावर छापलं आणि महाडच्या एस.टी. स्टँडपासून बिरवाडीतल्या कामगारांच्या खोल्यांपर्यंत सगळीकडे चिकटवलं. मजकूर माझा होता. अजून पाठ आहे.

पण इथं मी त्या ऑफिसानं काय केलं ते फारसं लिहिणार नाही. ते मी तेव्हा पुष्कळ लिहिलं. मी काय केलं ते लिहायचं राहिलं होतं.

त्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणारी मुलगी माझी मैत्रीण होती. वरंधच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे, तिथली. घरी म्हशी, शेळ्या आणि उतारावरची नाचणी. महाडच्या टायपिंग क्लासात माझ्या शेजारच्या मशीनवर ती बसायची. माझं एक पान होईतो तिची दोन व्हायची, आणि वर ती मान वळवून विचारायची, "झालं का गो, का अजून अक्षरं शोधतेस?" त्या वाडीतून पगाराच्या कामाला जाणारी ती पहिली मुलगी. बापानं एकच अट घातली होती: कुणाच्या तोंडी नाव येता कामा नये. आलं की दुसऱ्या दिवसापासून वरंध गाडीत चढायचं नाही.

तिच्या सख्ख्या चुलत्यानं संमतीपत्रावर अंगठा दिला होता. ते तिला कळलं ते सही केलेल्यांची यादी टाइप करताना. साहेबानं समास बदलायला लावून ती यादी तिच्याकडून तीनदा टाइप करून घेतली. चाळीस-बेचाळीस नावं, गावासकट. चौथ्यांदा तिनं ती माझ्यासाठी टाइप केली. दुपारच्या सुट्टीत, सायबर कॅफेत बसून, समोर कागदाचा चिठोरा नसताना. "डोक्यात नाय राहिलं काही," ती म्हणाली, "बोटांना पाठ झालीत." तिच्या स्वतःच्या मेलवरून ती यादी माझ्या मेलवर आली.

"माझं नाव कुठं येता कामा नाय," तिनं मला स्टँडवर बजावलं. "तुझ्या त्या चार जणांना पण सांगायचं नाय."

"शब्द," मी म्हटलं.

शब्द दिला आणि दुसऱ्याच दिवशी मी काय केलं? त्या ऑफिसच्या मेलवर जाहीर सवाल धाडला: आमच्या हाती सही केलेल्यांची संपूर्ण यादी आहे, उत्तर द्या. मला वाटलं साहेब घाबरेल. साहेबानं उत्तर दिलं नाही. त्यानं ड्रायव्हरला खोलीत बोलावून विचारलं, शिपायाला विचारलं, कपाटाचं कुलूप बदललं.

"आता मला विचारायचं राहिलंय," मैत्रीण म्हणाली. तिनं ते हसत सांगितलं, म्हणून मीही हसले.

आता सायबर कॅफेबद्दल सांगायला हवं. महाडच्या बाजारपेठेत एका कापडाच्या दुकानाच्या माडीवर तो होता, गावातला एकमेव. मालक कुवेतला पंधरा वर्षं काढून परत आलेले गृहस्थ, सगळे त्यांना भाई म्हणत. प्लायवूडच्या खोपट्यांत पाच कॉम्प्युटर. गिऱ्हाईक म्हणजे आमच्यासारखे थोडे, आणि मुख्य म्हणजे महाडातल्या नि आसपासच्या गावांतल्या मुसलमान घरांतल्या बायका, ज्यांची मुलं-नवरे दुबई-कुवेतला. त्या बायकांना पासवर्ड लक्षात राहत नसत. मग भाईंनी एक सोय करून ठेवली होती. लॉगिन केलं की कॉम्प्युटर विचारतो ना, हा पासवर्ड लक्षात ठेवू का, तिथं ते प्रत्येकाच्या वतीनं 'हो' दाबत. नंतर त्या बाईनं यायचं, ठरलेल्या मशीनवर बसायचं, नावाचं पहिलं अक्षर दाबायचं. बाकीचं नाव आपोआप खाली पडायचं, आणि पासवर्डच्या जागी काळे ठिपके हजर.

"भाई, हे बरोबर नाही," मी एकदा म्हटलं होतं.

"अगो ताई, आमच्या म्हाताऱ्या पासवर्ड पाठ करत बसल्या तर पोरांशी बोलायच्या कधी?"

खरं सांगायचं तर मलाही ते सोयीचंच होतं. माझं मशीन तीन नंबरचं. पहिल्या दिवशी त्यानं मलाही तोच प्रश्न विचारला होता आणि मीही 'हो' दाबलं होतं. भाईंनी नाही, मी. काय विचारलंय ते पुरतं न वाचता. चौकट मध्ये आली की ती घालवायची असते, एवढंच मला त्या चौकटीबद्दल ठाऊक होतं.

दिवाळी होऊन गेली होती. शनिवारी दुपारी मी तीन नंबरवर बसले होते. टायपिंग क्लासातली दुसरी एक मुलगी लग्न होऊन कल्याणला गेली होती, तिच्या नावानं मेल आला: एका नव्या साइटवर ती आहे, मीही यावं, तिथं सगळे जुने ओळखीचे भेटतात. गेले. साइट म्हणाली, नवीन नाव-पासवर्ड करायची काहीच गरज नाही, तुमच्या मेलच्याच ओळखीवर आत या. एक बटण होतं, ते दाबलं. माझ्या मेलचंच नेहमीचं पान उघडलं. माझं नाव भरलेलं, ठिपके भरलेले. आत जायचं बटण दाबलं. मला एक अक्षरही टाइप करावं लागलं नाही. पासवर्ड हातानं टाइप करावा लागला असता तर मी थांबले असते का? थांबले असते, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिले. खरं काय ते मला माहीत नाही.

मग बारीक इंग्रजी अक्षरांचा एक परिच्छेद आला. बी.ए.ला माझं इंग्रजी होतं. ही साइट तुमची पत्त्यांची वही पाहू शकेल, असं त्यात होतं, हे मला नंतर कळलं. त्याखाली 'मान्य'. दाबलं. मग एक लांबलचक यादी आली, नावं आणि मेलचे पत्ते, आणि प्रत्येकापुढे आधीच बरोबरची खूण केलेली. मला वाटलं हे सगळे त्या साइटवर आहेत. वा, म्हटलं, बरेच आहेत. पुन्हा दाबलं.

चार वेळा बटण दाबलं मी. चहा गार व्हायच्या आत.

रविवारी सकाळी पोलादपूरच्या घरून पुन्हा महाडला आले. पत्रक छापायला द्यायचं होतं, पहिल्या पानावर ती बेचाळीस नावं आणि वर मथळा, 'यांची फसवणूक झाली आहे'. प्रेसवाल्याला मजकूर मेलनं हवा होता म्हणून माडीवर चढले. मेल उघडला तर पंधरा-वीस उत्तरं आलेली. माझा मामेभाऊ मस्कतहून लिहीत होता, हे काय धाडलंस? कॉलेजच्या सरांनी लिहिलं होतं, आपण मैत्रीचं निमंत्रण दिल्याबद्दल आभार, परंतु. प्रेसवाल्यानं लिहिलं होतं, ताई, आमच्याकडे लग्नाच्या पत्रिका आहेत, ही मैत्री-बित्री जमणार नाही.

सगळ्यांना माझ्या नावानं मेल गेला होता. माझं नाव, माझा फोटो, 'मी तुम्हाला माझ्या मैत्रीत बोलावते आहे'. मी एकालाही बोलावलं नव्हतं.

मला आधी हसू आलं. मग ज्यांना ज्यांना मेल गेला त्यांची यादी मी वरून खाली वाचायला लागले, आणि मधेच त्या ऑफिसचा पत्ता आला.

तो पत्ता मी वहीत कधीच घातला नव्हता. पण आपण ज्याला एकदा मेल लिहितो त्याचा पत्ता ती वही आपणहून टिपून घेते. माझा जाहीर सवाल! त्यानं साहेबाला माझ्या ओळखीच्यांत नेऊन बसवलं होतं.

आणि साइटवर माझ्या नावाचं एक पान तयार झालं होतं. वर माझा फोटो. खाली 'मैत्रिणी' असं लिहिलेलं, आणि तिथं एकच चौकोनी फोटो. ती. महाडच्या फोटो स्टुडिओत काढलेला, मागे निळा पडदा, खांद्यावरून पुढे घेतलेली वेणी. शनिवारी संध्याकाळी गाडीच्या आधी ती माडीवर मेल बघायची; तिथं तिलाही माझ्या नावानं मेल आला होता. बाकी सगळ्यांनी मला विचारलं, हे काय आहे? तिनं विचारलं नाही. मी बोलावलंय म्हणजे काही कारण असेल, असं समजून तिनं हो म्हटलं.

म्हणजे असं: साहेब तो मेल उघडणार. माझ्या नावावर टिचकी मारणार. माझ्या पानावर जगातली एकच मैत्रीण, आणि ती त्याच्या समोरच्या खुर्चीत बसलेली.

मी तिचा फोटो काढून टाकायला बटण शोधत होते. उजवीकडे, डावीकडे, अगदी खाली. सापडलं, त्यावर बाण नेला, आणि पंखा थांबला. लोडशेडिंग. पाचही खोपट्यांत अंधार.

"भाई!"

"आता पाचला येणार," भाई म्हणाले. "पण आज मी उघडत नाय संध्याकाळी, दासगावला भाच्याचा साखरपुडा हाय. उद्या दहाला ये. काय झालं? तोंड का असं?"

मी त्यांच्यावर घसरले. तुमची मशीनं लोकांचे पासवर्ड साठवून ठेवतात, तुम्ही लोकांना न विचारता हो दाबता, तुम्हाला काय अधिकार, असं सगळं. मला ज्या आवाजात साहेबाशी बोलायचं होतं तो आवाज मी भाईंवर वापरला. मग त्यांनी भिंतीकडे हात केला. भिंतीवर आमचं गुलाबी पत्रक होतं, त्यांनीच चिकटवू दिलेलं.

"तो बघ तुझाच कागद. म्हाताऱ्यांसाठी मी दाबलं, कबूल. तुला मशीननं विचारलं तेव्हा तू काय केलंस? वाचलंस?"

मी जिना उतरले.

ऑफिसचा मेल रोज सकाळी दहाला उघडला जायचा, हे मला तिच्याकडूनच ठाऊक होतं. साहेबाला टाइप करता यायचं नाही. तो तिच्या मागे उभा राहून, 'हां, वाच, हां, पुढचा' असं करत सगळं टपाल ऐकायचा. म्हणजे सोमवारी दहा वाजता तिच्याच बोटानं तो मेल उघडणार होता, साहेबाच्या डोळ्यांदेखत, आणि तिला काहीच माहीत नव्हतं.

तिच्या वाडीत फोन नव्हता, मोबाइलला रेंज नव्हती. खाली रस्त्याला एका दुकानात फोन होता, दुकानदार निरोप वर धाडायचा. पोलादपूरला उतरल्यावर मी एस.टी.डी. बूथमधून तो नंबर फिरवला.

"कोण बोलतंय?" दुकानदार.

मी नाव सांगणार होते, थांबले.

"कोण हवंय? काय काम हाय? सांगा की, निरोप देतो वर."

निरोप द्यायचा म्हणजे काय द्यायचा? उद्या ऑफिसात जायच्या आधी मला भेट? तो निरोप दुकानातून वर जाईतो बाकावर बसलेल्या चार जणांनी ऐकला असता, पाण्याला निघालेल्या बायकांनी ऐकला असता, शेवटी बापानं ऐकला असता. का भेट? कशाला भेट? न-वाचता-सहीचं काय काम तुझ्याशी? मी फोन ठेवला. ज्या मार्गानं जावं तो मार्ग तिचं नाव उघडं करत होता.

घरी आई म्हणाली, "जेवत का नाहीस?" मी म्हटलं, पोट बिघडलंय. अंथरुणात मी एकच हिशेब करत पडले: ती गाडी नवाच्या सुमारास पोचते, ऑफिस साडेनऊला उघडतं, मधे अर्धा तास. गाडी वेळेवर आली तर.

सोमवारी मी पावणेआठलाच महाडच्या स्टँडवर होते. थंडी होती. रात्रपाळीचे कामगार औद्योगिक वसाहतीतून येऊन गाड्यांची वाट बघत होते, अंगाला रसायनाचा तो गोडूस वास. खांबावर आमचं पत्रक होतं, अर्धं फाडलेलं. 'न वाचता' एवढंच शिल्लक होतं. मी तिथून उठून दुसऱ्या बाकावर बसले.

नऊ वाजले. वरंध गाडी नाही. सव्वानऊ. चौकशीच्या खिडकीत विचारलं तर आतून आवाज आला, "येईल." नऊ पंचवीस झाले. मी ऑफिसच्या दारात जाऊन उभं राहावं का, असा विचार करत होते. पण ऑफिसच्या दारात मी तिच्याशी बोलले की मग साहेबाला मेल उघडायचीही गरज उरत नव्हती.

साडेनऊला गाडी आली. ती मागच्या दारानं उतरली, हातात डब्याची पिशवी, केसांत शेवंती. मला बघून म्हणाली, "तू गो इथं काय करतेस? आणि परवा ते काय धाडलंस? मी हो म्हटलं बाबा, पण काय समजलं नाय."

मी तिला उपाहारगृहाच्या मागे नेलं आणि सांगितलं. नीट सांगता येत नव्हतं. पत्रकात मी एका वाक्यात गुन्हा मांडायची, इथं मला सुरुवातच सापडेना. शेवटी तिनं विचारलं,

"माझं नाव त्यात कसं गेलं? तू घातलंस?"

"मी घातलं नाही. आपोआप गेलं."

"आपोआप," ती म्हणाली. "आमच्या काकांचा अंगठा पण आपोआपच गेला होता."

मग तिनं घड्याळ बघितलं. मी घाईघाईनं म्हटलं, तू आधी पोच, साहेब यायच्या आत तो मेल काढून टाक. ती म्हणाली, साहेब आज लवकर येणार, नऊलाच. आतापर्यंत आलाही असेल. पिशवी दुसऱ्या हातात घेऊन ती निघाली. मी दोन पावलं मागे गेले तर न वळता म्हणाली, "तू नको येऊस."

ऑफिसच्या समोर रस्त्यापलीकडे एक सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्याच्या बाजूला रसाचं गुऱ्हाळ. मी गुऱ्हाळात अशी बसले की ऑफिसचा जिना दिसावा. दहा वाजले. साडेदहा. जिन्यावरून एक एजंट उतरला, मोटरसायकलला किक मारून गेला. बिरवाडीकडे की वरंधकडे, ते वळण मला दिसलं नाही. तो तिच्या घरी सांगायला गेला असं मी ठरवूनच टाकलं. बापाचा चेहरा मी एकदाच पाहिला होता, तो आठवत बसले. अकरा वाजता शिपाई उतरला, वर चार कप चहा गेले. चार कप कुणाला? रसवाल्यानं तिसऱ्यांदा विचारलं, "ताई, अजून एक देऊ का?" मी तिसरा ग्लास घेतला. पोट खरंच बिघडलं.

सव्वाला ती जिना उतरली. डब्याची पिशवी हातात. रस्ता ओलांडून सरळ गुऱ्हाळात आली, माझ्या समोर बसली, आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाली, "काय गो, किती दिवसांनी!"

मी ऑफिसच्या जिन्याकडे पाहिलं.

"घाबरू नको," ती आवाज खाली आणत म्हणाली. "साहेबाला माहीत हाय मी तुझ्याशी बोलायला आलेय. त्यानंच धाडलंय."

मग तिनं सांगितलं. ती पोचली तेव्हा साहेब खुर्चीमागे उभाच होता. मेल उघडला तर सगळ्यात वर मी, माझ्या फोटोसकट. साहेबानं विचारायच्या आधी तीच बोलली: "सायब, ही बाई वेडी झालीय. मला पण धाडलंय, त्या प्रेसवाल्याला पण धाडलंय म्हणे. टायपिंगच्या क्लासात माझ्या शेजारी होती. स्पीड काय नव्हता हिला."

"स्पीडचं कशाला सांगितलंस?"

"खरं एक तरी सांगावं ना माणसानं." ती डबा सोडायला लागली. "मी रस्त्यानं विचार केला. मेल काढून टाकला तर उद्या परत येईल, परवा येईल. आणि ओळख लपवली आणि मग सापडली, तर ती चोरी. आधीच सांगितली तर नुसती ओळख. महाडात कोण कुणाला ओळखत नाय?"

मला हे सुचलं नव्हतं. अख्खा दिवस आणि अख्खी रात्र मी लपवायचेच मार्ग शोधत होते.

"मग साहेब काय म्हणाला?"

"आधी मेल परत वाचायला लावला. दोनदा. मला वाटलं संपलं." तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरला. "मग म्हणाला, ओळखीची हाय ना, मग बरं झालं. जा, गोड बोल आणि काढून घे, यादी कुठनं मिळाली तिला."

भाकरीचा तुकडा तिनं परत डब्यात ठेवला.

"तर विचारते," ती म्हणाली. "यादी कुठनं मिळाली गो तुला?"

"काय सांगू?"

"सांग, लोकांनीच येऊन सांगितली. ज्यांनी अंगठे दिले त्यांनी स्वतः."

"चालेल. तसंच सांग."

"नाय, थांब." ती आता माझ्यावर चिडली होती, सकाळपासून पहिल्यांदा. "मी जाऊन तसं सांगेन. पण साहेब एजंटला वाडीवर धाडील, तुम्ही सांगितलंत का म्हणून विचारील. लोक नाय म्हणतील, कारण त्यांनी नाय सांगितलेलं. लबाडी मी एकदाच बोलणार. ती खरी करायची ती तू."

"म्हणजे?"

"म्हणजे जा सगळ्यांकडं. त्या यादीतल्या एकाला तरी तू विचारलंस का, तुझं नाव छापू का म्हणून?"

नव्हतं विचारलं. बेचाळीस माणसांची नावं मी पहिल्या पानावर छापणार होते, गावासकट, मोठ्या अक्षरांत, 'यांची फसवणूक झाली आहे'. त्यांच्याच भल्यासाठी! त्यांना विचारायचं असतं हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी त्यांच्या नावांपुढे आधीच खुणा करून ठेवल्या होत्या.

प्रेसवाल्याला मजकूर धाडायचा मी थांबवला. आमच्यातल्या बाकी चौघांनी मला खूप ऐकवलं, ऐन वेळी कच खाल्ली म्हणून. का थांबवलं ते मी त्यांना सांगू शकत नव्हते. शब्द दिला होता, तेवढा तरी पाळायचा होता.

त्याच दुपारी मी चढायला सुरुवात केली. भीती ही होती की एजंट आधी पोचेल. काही वाड्यांवर तो आधी पोचला. तिथं मला ओटीवरूनच परत धाडलं. काही ठिकाणी मी आधी पोचले. तिथंही सोपं नव्हतं.

"आमचं नाव तुला कुणी दिलं गो?" हा पहिला प्रश्न. मी म्हणायचे, ते विचारू नका, छापू का एवढं सांगा. एक माणूस म्हणाला, "फसलेला म्हणून छापणार? माझ्या पोरीच्या सोयरिकीला आलेले वाचतील ना ते. बाप अडाणी, अंगठा देऊन बसला. नको बाई." एक म्हणाला, "छाप, आणि वर माझा फोटो पण टाक." तिच्या चुलत्याकडे मी सगळ्यात शेवटी गेले. त्यांनी ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि 'नाय' म्हणाले. पुतणी त्याच ऑफिसात आहे, उगाच कशाला, म्हणाले. मी मान हलवली आणि उठले.

एका वाडीत एक म्हातारी शेळ्यांना पाला घालत होती. तिला मी पत्रकाचा मजकूर वाचून दाखवला. "परत वाच," ती म्हणाली. परत वाचला. "मधलं ते परत." मधलं परत वाचलं. शेळी माझी ओढणी चघळत होती. म्हातारीनं विचार केला, बराच केला, आणि म्हणाली, "तू बोलतेस ते खरं हाय. पण माझं नाव नको." मी तिच्यासमोर नावावर रेघ मारली. तिनं वाकून कागद बघितला. तिला वाचता येत नव्हतं. रेघ मात्र तिनं बोट लावून तपासली.

पत्रक पंधरा दिवस उशिरा निघालं. निम्म्याहून कमी नावं. आमच्यातला एक म्हणाला, लंगडी यादी. होती लंगडी. पण एजंट दारात गेला तेव्हा ती माणसं म्हणाली, हो, आम्हीच सांगितलं, आम्हाला विचारूनच छापलंय. साहेबानं मैत्रिणीला पुन्हा काही विचारलं नाही. निदान तोंडानं नाही.

त्या साइटवरचं पान मी दुसऱ्याच दिवशी पुसलं होतं. तीन नंबरच्या मशीनमधून माझे ठिपकेही काढून टाकायला लावले. भाईंनी ते काढले. पण ती निमंत्रणं थांबली नाहीत. 'तुमची मैत्रीण अजून तुमची वाट पाहते आहे,' असा मेल त्या ऑफिसला माझ्या नावानं येतच राहिला. दर वेळी साहेब तिच्या मागे उभा असायचा, आणि दर वेळी ती म्हणायची, "ही बया परत आली, सायब," आणि तो हसायचा. कधी हसणार नाही, याची वाट बघत मी दर सोमवारी एक वाजेपर्यंत काही खाऊ शकत नसे. असं किती महिने चाललं ते मी मोजलं नाही. दोन वर्षांनी तिनं ते काम आपणहून सोडलं, दुसरीकडे लागली. बापाला काही कळलं नाही.

हे लिहून झाल्यावर मी तिला फोन केला.

"छापायला दिलंस आणि सांगतेस, का विचारतेस?" तिनं विचारलं.

"विचारतेय."

"मग वाच."

वाचलं. मधलं परत वाचायला लावलं तिनं. मग म्हणाली, उद्या सांगते. उद्या फोन आला नाही. परवाही नाही. चौथ्या दिवशी आला. दोन वाक्यं काढ म्हणाली.

काढली.